औरंगजेबाची कबर कोणाच्या अंगणात?

दौलताबादहून वेरूळला निघालेल्या सहलीच्या बसेस खुलताबादला थोडाच वेळ थांबतात. औरंगजेबाची कबर बघायची, “एवढीशीच?” म्हणायचं आणि भद्रा मारुतीकडे वळायचं. इतिहास शिकवायचो तेव्हा मी पोरांना विचारायचो, कबर पाहिलीत, पण ती आहे कोणाच्या अंगणात?

अंगण आहे जैनुद्दीन शिराझी यांचं. चिश्ती सिलसिल्यातले (गुरुपरंपरेतले) हे सूफी 1369 मध्ये वारले. त्यांचे पीर, म्हणजे गुरू, बुरहानुद्दीन गरीब आणि बुरहानुद्दीनांचे पीर दिल्लीचे निजामुद्दीन औलिया. 1327 च्या सुमारास महंमद तुघलकानं देवगिरीला, म्हणजे दौलताबादला, राजधानी करायचं ठरवलं, तेव्हा दिल्लीतले मौलवी, कवी, सूफीही दख्खनला आले. राजधानी परत गेली, बुरहानुद्दीन मात्र 1337 मध्ये इथल्याच मातीत विसावले. निजामुद्दीनांच्या बैठकीतलं बोलणं वर्षानुवर्षं फारसीत टिपून ठेवणारा कवी अमीर हसन सिज्झी, त्याचीही कबर इथेच.

सूफी म्हणजे कव्वाली आणि जरा इस्लामच्या बाहेरचंच काहीतरी, असा आपल्याकडे समज आहे. मला तो पटत नाही. ही माणसं कुराण-हदीस शिकलेली, नमाज-रोजे पाळणारी. त्यांचा आग्रह असा, की नमाजात शरीर वाकतं तसं मनही वाकलं पाहिजे. त्यासाठी जिक्र, म्हणजे ईश्वराचं नामस्मरण, आणि वाट दाखवायला पीर. उलेमांशी, म्हणजे धर्मपंडितांशी, त्यांचे खटके उडत, पण ती घरातली भांडणं होती. कधी ती जीवावरही बेतली: 922 मध्ये बगदादला मन्सूर हल्लाज या सूफीला देहदंड झाला. त्याच बगदादचा नामवंत धर्मशास्त्री गझाली 1095 मध्ये मानाची अध्यापकी सोडून निघून गेला आणि पुढे शरियत व अंतरीची साधना यांची सांगड घालणारा मोठा ग्रंथ त्यानं लिहिला. त्यानंतर सूफी मार्गाला विद्वानांत वजन आलं. समा, म्हणजे भक्तिसंगीताची मैफल, चालते की नाही हा वाद मात्र मिटला नाही. गियासुद्दीन तुघलकाच्या दरबारात खुद्द निजामुद्दीनांना त्याबद्दल उलेमांपुढे उभं राहावं लागलं.

सत्तेशी सूफींचं नातं याहून अवघड. फरिश्ता या इतिहासकारानं एक कथा दिली आहे. दौलताबादच्या बंडखोर सुभेदाराला जैनुद्दीनांनी गुजरातकडे निसटायचा सल्ला दिला. बहमनी सुलतान पहिला महंमदशाह खवळला. त्यात सुलतान दारू पितो म्हणून जैनुद्दीनांनी त्याची बैअतही (निष्ठेची शपथ) नाकारलेली. शहर सोडा, असा हुकूम सुटला. जैनुद्दीन उठले, मुसल्ला (नमाजाची चटई) खांद्यावर टाकला, थेट बुरहानुद्दीनांच्या कबरीपाशी जाऊन काठी रोवली आणि बसले. उठवायची हिंमत असेल त्यानं यावं! नमावं लागलं सुलतानालाच. राज्यातले दारूचे गुत्तेही बंद झाले म्हणे. कथेला तिखटमीठ लागलं असेल. पण फकिराची बैअत न मिळाल्यानं सुलतानाचं अडत होतं, हे त्यातून स्पष्ट दिसतं.

हा बाणा पुढे टिकला नाही, हेही सांगायला हवं. चिश्तींची जुनी रीत अशी, की न मागता आलेली भेट घ्यायची आणि ती लगेच वाटून टाकायची, जमिनीचं इनाम घ्यायचं नाही. पीर गेले, दर्गे उभे राहिले आणि इनामं आली. खानदेशच्या फारुकी सुलतानांनी बुरहानुद्दीनांच्या नावानं बुरहाणपूर वसवलं, दर्ग्याला गावं लावून दिली. मुघलांनीही हात आखडला नाही. मुजावरांची घरं त्यावर चालली, लंगरही चालले.

दरबारातलं गाणं-बजावणं बंद करणाऱ्या औरंगजेबानं शेवटची जागा निवडली ती समा मानणाऱ्या चिश्तींच्या सावलीत. 1707 मध्ये अहमदनगरला तो वारला आणि इच्छेप्रमाणे त्याला इथे आणलं. कबर उघडी, मातीची. भोवतीची संगमरवरी जाळी पुष्कळ नंतरची, निजामाच्या काळातली. पहिला निजाम स्वतः बुरहानुद्दीनांच्या दर्ग्यात आहे. आणि मुघलांना दख्खनमध्ये वर्षानुवर्षं झुंजवणारा मलिक अंबर? त्याचा मकबराही खुलताबादलाच.