पान टाकण्याआधीची वजाबाकी

ब्रिजच्या टेबलावर चौघं बसतात. एक डिक्लेरर, म्हणजे बोली जिंकून डाव खेळणारा, त्याच्या समोरचा पानं उघडी मांडून गप्प बसलेला डमी, आणि उरलेले दोघं बचावाला. म्हणजे सरासरी निम्मे डाव तुम्ही बचाव करता. तरीही नवा खेळाडू आपली सगळी हौस बोलीवर खर्च करतो. बोलीच्या पद्धती तोंडपाठ होतात. बचावाला बसला की मात्र आजोबांनी मेंढीकोट खेळताना सांगितलेल्या दोन वाक्यांवर काम भागवतो. दुसऱ्यानं लहान टाकावं, तिसऱ्यानं मोठं.

ही वाक्यं खोटी नाहीत. काँट्रॅक्ट ब्रिजचं आजचं रूप हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट यांनी १९२५ साली एका बोटीच्या प्रवासात बसवलं, पण ही सूत्रं त्याहून जुनी, व्हिस्टच्या काळातली. त्या खेळात डमी नव्हता. पुढ्यात फक्त आपली तेरा पानं, म्हणून ढोबळ नियमाचा आधार लागे. ब्रिजमध्ये पहिली उतारी झाली की डमी उघडतो आणि तुम्हाला सव्वीस पानं दिसू लागतात. त्यानंतरही ठोकताळ्यावर खेळणं म्हणजे दिवा लागल्यावरही चाचपडत चालणं.

एक डाव बघा. डिक्लेररनं तीन नोट्रम्प बोललंय, म्हणजे हुकूम नाही आणि त्याला नऊ हात करायचेत. तुमच्या भिडूनं इस्पिकची सत्ती उतरली. डमीत इस्पिकची राणी, अठ्ठी, तिर्री. तुमच्याकडे एक्का, दश्शी, पंजी. डमीतून तिर्री पडली. आता तुमची पाळी. ‘तिसऱ्यानं मोठं’ म्हणून हात एक्क्याकडे जातो.

जरा थांबून वजाबाकी करू. नोट्रम्पविरुद्ध लांब रंगातलं वरून चौथं पान उतरायचं, असा बहुतेक जोड्यांचा करार असतो. गुलामाला ११, राणीला १२, राजाला १३ आणि एक्क्याला १४ धरलं, तर सत्तीहून मोठी पानं चौदा वजा सात, म्हणजे सात. त्यांतली तीन उतरणाऱ्याकडेच आहेत, कारण सत्ती त्याचं चौथं पान. उरली चार. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रॉबर्ट फॉस्टर यांच्या नावानं रूढ झालेला ‘अकराचा नियम’ तो हाच. उतरलेलं पान अकरातून वजा करा. बाकी तिघांकडे मिळून त्याहून मोठी तितकीच पानं असतात. इथं त्या चारांपैकी दोन डमीत दिसतात (राणी, अठ्ठी) आणि दोन तुमच्याच हातात आहेत (एक्का, दश्शी). डिक्लेररकडे काय उरलं? सत्तीवर चढणारं एकही पान नाही.

मग एक्का कशाला? दश्शीच हात घेईल. त्यानंतर एक्का, डमीतून अठ्ठी पडते. मग पंजी, त्यावर भिडूचा राजा, आणि डमीतली एकटी पडलेली राणी मुकाट्यानं त्याखाली येते. भिडूकडे राजा, गुलाम, नव्वी, सत्ती, दुर्री अशी पाच पानं असतील, तर पाच हात तुमचे आणि काँट्रॅक्ट एकानं बुडालं. पहिल्याच फेरीत एक्का टाकला असता, तर राणी हमखास एक हात घेऊन गेली असती.

हीच वजाबाकी गुणांनाही लागू पडते. एक्क्याला चार, राजाला तीन, राणीला दोन, गुलामाला एक असे गड्डीत एकूण चाळीस गुण. डमीत अकरा दिसतात, तुमच्याकडे दहा आहेत आणि डिक्लेररनं बोलीत पंधरा ते सतरा सांगितलेत. मग भिडूकडे दोन ते चार उरतात. त्याच्याकडे एक्का असू शकतो, पण असला तर दुसरं काही नसणार. त्याच्या एक्क्यावर आणि राजावर एकदम भिस्त ठेवणारा बचाव तिथंच बाद करायचा.

तिसरी वजाबाकी लांबीची, आणि तिला भिडूची मदत लागते. डमीत चौकटचा राजा, राणी, गुलाम, दश्शी, पंजी. बाकी रंगांत डमीत जायला वाट नाही. तुमच्याकडे एक्का आणि दोन लहान पानं. एक्का केव्हा घ्यायचा? भिडूनं आधी अठ्ठी आणि मग दुर्री टाकली, तर प्रचलित खुणेप्रमाणे त्याच्याकडे सम पानं, बहुधा दोन. पाच, तीन आणि दोन मिळून दहा झाली. तेरातून डिक्लेररकडे तीन उरली. म्हणून दोनदा सोडा आणि तिसऱ्या फेरीत एक्का घ्या. त्याला दोन हात मिळतील आणि डमीतली उरलेली चौकटची पानं तिथंच अडकून पडतील. एक फेरी आधी घाई केली की तो चार हात नेतो.

खूण फक्त पानानंच करायची, एवढी अट असते. पान टाकायची ढब, चेहरा, उसासा यांतून भिडूला काही सांगितलं तर ती लबाडी. २०१५ साली इस्राएलची एक नामांकित जोडी टेबलावर बोर्ड (वाटलेली पानं ठेवायचा खोका) ठेवण्याच्या जागेवरून उतारीचा रंग सुचवत असल्याचा आरोप झाला आणि पुढं युरोपीय संघटनेनं तिच्यावर बंदी घातली. अधिकृत खुणांचा अर्थही प्रतिपक्षानं विचारला तर सांगावा लागतो, म्हणजे डिक्लेररही ऐकत असतो. मुरलेले खेळाडू म्हणूनच दर पानाला खूण करत नाहीत. भिडूला उपयोग नसेल तिथं साधं लहान पान टाकून मोकळे होतात. मला हा संयम कुठल्याही चलाख खुणेपेक्षा अवघड वाटतो.

आपल्याकडे या खेळाकडे लोकांचं लक्ष गेलं ते २०१८ साली. जकार्ताच्या आशियाई खेळांत ब्रिज पहिल्यांदाच आला आणि प्रणब बर्धन व शिवनाथ सरकार यांनी पुरुष दुहेरीचं सुवर्ण आणलं. त्यांच्या वयाचीच चर्चा जास्त झाली, पान टाकण्याआधीच्या या हिशेबाची कमी.

वजाबाकी करायची वेळही महत्त्वाची. ऐन सातव्या हाताला डमीतून लहान पान आलं आणि तुम्ही राजा टाकावा की नाही म्हणून घुटमळलात, तर राजा कुठं आहे हे डिक्लेररला कळलं. त्या घुटमळीचा फायदा तो घेऊ शकतो. भिडूनं मात्र घ्यायचा नाही, असा नियम आहे. म्हणून चांगला बचावपटू पहिल्या हाताला, डमी नुकताच उघडला असताना, सावकाश सगळा हिशेब मांडून घेतो. तेव्हा घेतलेल्या वेळातून फारसं काही फुटत नाही.