शिबिर सर्वांसाठी, मग ही माणसे घरी का?

वर्षावास सुरू झाला की आपल्या विहारांत संध्याकाळी माणसे जमू लागतात. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. मध्येच एखादा रविवार पाहून आरोग्य तपासणी होते, कुठे आनापान ध्यानाचा वर्ग भरतो. सगळे मोफत, सगळ्यांसाठी खुले. पण शिबिर संपल्यावर नोंदवही उघडून पाहा. नेहमी येणारी उपासक-उपासिकांची नावे पुन्हा दिसतील. ज्यांना जास्त गरज होती, त्यांतली बरीच माणसे घरीच राहिलेली असतात.

जाफ्राबाद तालुक्यातल्या टेंभुर्णीसारख्या गावाचाच विचार करू. (सोलापूरकडची टेंभुर्णी वेगळी, ही आपली जालन्याची.) इकडे कापूस आणि सोयाबीन. वर्षावासाचे महिने म्हणजे खुरपणीचे, आणि शेवटी सोयाबीनची सोंगणी. बाई सकाळी भाकरी बांधून निघते ती दिवेलागणीला परत येते. शिबिर सकाळी ११ ते दुपारी ३ ठेवले, तर तिने मजुरी बुडवायची की तपासणी? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. म्हणजे जिची तपासणी आधी व्हायला हवी, तिलाच आपली वेळ जमत नाही. संध्याकाळी ग्रंथवाचनाच्या आधी तासभर तपासणी ठेवली तर ती येईल, सोबत सासूलाही आणील. उपाशीपोटी साखर तपासायची असेल तर आठ तासांचा उपास लागतो. ते काम पहाटे, शेतात जाण्याआधीच करावे. दिवसभर राबलेल्या बाईला रिकाम्या पोटी रांगेत उभे करू नये.

आता जागेचे. आपल्या बऱ्याच विहारांना ओटा आणि तीन-चार पायऱ्या आहेत. गुडघे गेलेली आजी, पोलिओ झालेला तरुण, अर्धांगवायूतून उठलेला माणूस तिथूनच परततो. उतरता रस्ता म्हणजे रॅम्प करायचा तर एक फूट उंचीला बारा फूट लांबी हवी. दीड फुटाच्या ओट्याला अठरा फूट. जागा नाही म्हणून चार फुटांत उभा उतार बांधतात, त्यावरून चाकाची खुर्ची मागे घसरते. तो नसलेलाच बरा. जागाच नसेल तर तपासणीचे टेबल खाली अंगणात मांडावे, त्याला एक पैसाही लागत नाही. पायाला कॅलिपर असलेल्याला तो काढायला लावू नये, तळ पुसून आत घ्यावे.

सतरंजीवर सगळे बसतात, खुर्चीवर एकटा बसला तर त्याला लाजल्यासारखे होते. म्हणून चार-पाच खुर्च्या आधीच मांडून ठेवाव्यात, कुणी मागायची वाट पाहू नये. ध्यान खुर्चीवर बसूनही होते. आणि रक्तदाबासाठी तर खुर्ची हवीच. पाठ टेकलेली, पावले जमिनीवर, पाच मिनिटे गप्प बसल्यावर मोजलेला आकडा खरा. मांडी घालून किंवा पायावर पाय टाकून मोजला तर तो वाढून दिसू शकतो. मोजण्याआधी अर्धा तास चहा-तंबाखूही नको. कमी ऐकू येणाऱ्यांच्या कानात ओरडू नये, समोर उजेडात बसून सावकाश बोलावे. ते ओठांवरून बरेच समजून घेतात.

या सगळ्यापेक्षा अवघड गोष्ट लाजेची. भोंग्यावरून नाव पुकारायचे, साखरेचा आकडा सर्वांसमोर सांगायचा, वर फोटो काढून ग्रुपवर टाकायचा, हे आपल्याकडे सर्रास चालते. करणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. पण टीबीचा रुग्ण, मूल न होणारी सून, दारू सुटत नसलेला माणूस, मन थाऱ्यावर नसलेली मुलगी अशा ठिकाणी पुन्हा पाऊल टाकत नाहीत. एक पडदा लावा, चिठ्ठी ज्याची त्याच्या हातात द्या. स्त्रियांना बोलायला स्त्रीच असू द्या. पाळी आहे म्हणून बाहेर थांबणाऱ्या मुलींना आत बोलवा, आपल्या विहारात विटाळ नाही. मनाच्या त्रासासाठी १४४१६ हा टेलिमानसचा मोफत क्रमांक फळ्यावर कायम लिहून ठेवावा, म्हणजे कुणाला विचारावे लागत नाही.

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी होऊन स्वतःच्याच घाणीत पडला होता, जवळ कुणी नव्हते. भगवंतांनी आनंदांसह त्याला स्वतः अंघोळ घालून अंथरुणावर निजवले. नंतर भिक्खूंना विचारले, याच्याकडे कुणी का पाहिले नाही? उत्तर आले, तो इतरांच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून. भगवंतांनी तिथेच भिक्खूंना आजाऱ्याची सेवा करायला सांगितले. आपण हा प्रसंग ऐकतो तेव्हा सेवा लक्षात ठेवतो, ते उत्तर विसरतो. आपल्या वस्तीतही वर्गणी न देणारा, कार्यक्रमाला न येणारा, भांडखोर म्हणून नाव पडलेला माणूस असतोच. निरोप द्यायचा राहतो तो त्याच्याच घरी.

म्हणून पुढच्या शिबिराआधी समितीने एक काम करावे. आशाताईंना सोबत घ्यावे. तीस वर्षांवरच्या माणसांची घरोघरची नोंद त्यांच्याकडे असते. मागच्या वेळी न आलेल्या घरी जाऊन विचारावे, का जमले नाही? कुणी पायऱ्या सांगेल, कुणी मजुरी, कुणी जुना अपमान. उत्तर ऐकून घ्यावे, वाद घालू नये. जे अंथरुणातून उठू शकत नाहीत, त्यांच्याकडे रक्तदाबाचे यंत्र घेऊन जावे.

आणि तारीख ठरवताना ऊसतोडीची कुटुंबे विसरू नका. ती दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात, परततात उन्हाळ्यात. डिसेंबर-जानेवारीतल्या शिबिरात ती कधीच सापडणार नाहीत. त्यांची तपासणी आश्विन पौर्णिमेआधी उरकावी, गरोदर बायकांची आधी. ज्यांना रक्तदाबाच्या किंवा साखरेच्या गोळ्या सुरू आहेत, त्यांच्यासाठी जास्त दिवसांचा साठा मिळेल का, हे प्राथमिक आरोग्य केंद्रात आधीच विचारावे, आणि औषधाच्या चिठ्ठीचा फोटो त्यांच्या मोबाइलमध्ये काढून द्यावा, म्हणजे कारखान्याजवळच्या दवाखान्यात दाखवता येईल.