ठेका धरणाऱ्याचं गाणं

आषाढी वारीत ज्ञानोबांची पालखी पुण्याच्या भवानी पेठेत आणि तुकोबांची नाना पेठेत मुक्कामाला येते, तेव्हा दिंडीतल्या वारकऱ्याच्या हातात टाळ असतो आणि मुखी अभंग. गाणारा एक आणि ठेका धरणारा दुसरा, अशी वाटणी त्याच्यापाशी नाही. शाहीर अमरशेखांचा डफही त्यांच्याच हातात असे. म्हणून अमेरिकेतल्या लिव्हॉन हेल्मची ड्रमकडून लोकगीताकडे वळलेली वाट आपल्याला परकी वाटू नये. १९४० साली आर्कान्सॉतल्या कापूसकरी शेतकऱ्याच्या घरी जन्मलेला हेल्म ‘द बँड’ या गाजलेल्या रॉक ताफ्याचा ड्रमवादक. १९७६मध्ये ताफ्यानं निरोपाची मैफल केली. १९९८मध्ये त्याला घशाचा कर्करोग झाला. किरणोपचारांत आवाज गेला, हात मात्र चालत राहिले. पुढे वुडस्टॉकमधल्या आपल्या कोठारात त्यानं रात्रीच्या मैफली भरवल्या, भोवती नवे वादक जमवले, आवाज थोडाथोडा परतला. २००७च्या ‘डर्ट फार्मर’मध्ये तो आईवडिलांकडून शिकलेली जुनी गाणी गायला आणि त्या संग्रहाला पारंपरिक लोकसंगीताचं ग्रॅमी मिळालं. तो आवाज खरखरीत आहे, जागोजागी फाटतो. तरी गाणं ढळत नाही, कारण शब्द कुठे टेकवायचा आणि कुठे रोखायचा हे त्याच्या हातांना आधीच ठाऊक आहे.

कोणी म्हणेल, हेल्म ‘द बँड’मध्येही गात होता, मग बदल कसला? मला तर हाच पुरावा वाटतो. ड्रम वाजवता वाजवता गाणारा माणूस लोकगीताकडे वळतो तेव्हा तो पेशा बदलत नाही, घरी परततो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : तमाशात ढोलकीवाला वेगळाच असतो, दिंडीत मृदंगवालाही. खरं आहे, बोलांची कसरत एकट्या गायकाला पेलणारी नाही. पण मृदंग असूनही वारकरी टाळ खाली ठेवत नाही, कीर्तनकार चिपळ्या सोडत नाही. कारण मूळ ठेका गाणाऱ्याच्या अंगात भिनलेला हवा.

पुण्यात हे बोलायला कारण आहे. गणपतीआधी नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव चालतो, आणि तरुण मुलामुलींचे ते हात किती पक्के आहेत! लोकमान्यांच्या काळात याच उत्सवात मेळे पदं गात फिरत. आज ढोल घुमतो, पद ऐकू येत नाही. ते पुन्हा उचलायला संगीताचा क्लास लावलेलाच कोणी हवा असं नाही. कमरेला ढोल बांधलेल्या एखाद्या मुलीनं तोंड उघडलं तरी सुरुवात होईल.