खारेपाटणचा ताम्रपट : शिवसेवेची सनद
तळेऱ्याहून महामार्गाने उत्तरेस निघाले म्हणजे खाडीकाठचे खारेपाटण लागते. येथे सापडलेल्या ताम्रपटानुसार, शके ९३० (इ. स. १००८) च्या ज्येष्ठ पौर्णिमेस शिलाहार नृपती रट्टराजाने अव्वेश्वर महादेवाप्रीत्यर्थ तीन गावे दान दिली. मत्तमयूर परंपरेतील शैव आचार्य आत्रेय यांनी ते दान स्वीकारले. पंचोपचार पूजेबरोबरच देवालयाची डागडुजी आणि तपस्व्यांचे अन्नवस्त्र यांचीही तरतूद त्यात होती. हा लेख प्रथम प्रसिद्ध केला तो याच परिसरातील पोंभुर्ल्याचे सुपुत्र बाळशास्त्री जांभेकर यांनी. आज महाशिवरात्रीस बिल्वदल वाहताना भाविकांनी एवढे स्मरावे : पर्वणी वर्षातून एकदा येते, देवालय राखणे व भुकेल्यास घास देणे ही शिवसेवा मात्र नित्याची आहे.