मर्यादित जागेतील आकाशक : लघु वलयाचा हिशेब

विद्युत्-चुंबकीय तरंग अवकाशात सोडणाऱ्या किंवा त्यांचे ग्रहण करणाऱ्या संवाहक रचनेस आकाशक म्हणतात. व्यवहारात तिला एरियल अथवा अँटेना ही नावे रूढ आहेत. हौशी रेडिओ-संदेशवहनात वापरल्या जाणाऱ्या ७.१ मेगाहर्ट्झ कंप्रतेवर तरंगलांबी सुमारे ४२ मीटर असते, व अर्धतरंगी आकाशकासाठी सुमारे २० मीटर तार ताणावी लागते. शहरातील सदनिकेत राहणाऱ्या अभ्यासकास बहुधा तीन-चार मीटरांची गॅलरी तेवढी उपलब्ध असते. अशा जागेत आकाशक घरच्या घरी उभारता येतो काय, आणि आला तर त्याचे मूल्य कोठे चुकवावे लागते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

आकाशक लहान करण्यास निसर्गानेच मर्यादा घातली आहे. व्हीलर यांनी १९४७ मध्ये व चू यांनी १९४८ मध्ये ही मर्यादा गणिताने स्पष्ट केली. तरंगलांबीच्या मानाने आकाशक जितका लहान, तितकी त्याच्या निकट साठून राहणारी ऊर्जा प्रारित ऊर्जेच्या तुलनेने अधिक असते. परिणामी त्याची पट्टारुंदी अत्यंत संकुचित होते. ती वाढवावयाची झाल्यास ऊर्जेचा काही भाग उष्णतेच्या रूपाने गमवावा लागतो. लहान आकार, मोठी कार्यक्षमता आणि विस्तृत पट्टा ही तिन्ही एकत्र लाभत नाहीत.

गच्ची वा लांब भिंत उपलब्ध असल्यास अर्धतरंगी तारच वाकवून बसविणे सर्वांत सोपे. तिच्यातील प्रवाह मध्यभागी महत्तम व टोकांशी शून्य असतो. मधल्या १० मीटरांत प्रवाह व लांबी यांच्या एकूण गुणाकाराचा सुमारे ७१ टक्के भाग सामावतो. म्हणून मधला भाग सरळ ठेवून टोके खाली सोडली, तरी फारशी हानी होत नाही. मात्र १० मीटरही जागा नसेल, तर लघु वलयाकडे वळावे लागते.

लघु वलय म्हणजे संवाहकाचा एकच वेढा. त्याची दोन टोके चल धारित्राने जोडून तो इष्ट कंप्रतेशी अनुस्पंदित केलेला असतो. उदाहरणार्थ, २२ मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या नळीचे १ मीटर व्यासाचे वर्तुळ घेऊ. त्याचे प्रवर्तकत्व सुमारे २.४५ मायक्रोहेन्री भरते, व ७.१ मेगाहर्ट्झवर अनुस्पंदनासाठी सुमारे २०५ पिकोफॅराड धारणा लागते. मुख्य वलयाच्या एकपंचमांश व्यासाचे दुसरे लहान वलय धारित्राच्या समोरील बाजूस आतून बसवितात, व त्यास ५० ओहमची समाक्ष केबल जोडतात. मुख्य वलयाशी त्याचा तारेने संबंध असण्याची आवश्यकता नाही. चुंबकीय युग्मनाने कार्य साधते.

या वलयाचा प्रारण-रोध अवघा ६ मिलिओहम येतो. उलटपक्षी, उच्च कंप्रतेचा प्रवाह तांब्याच्या पृष्ठभागालगतच्या सुमारे ०.०२५ मिलिमीटर थरातूनच वाहत असल्यामुळे नळीचा स्वतःचा रोध सुमारे ३२ मिलिओहम होतो. म्हणजे शंभर भाग शक्तीपैकी सोळा भाग प्रारित होतात. उरलेल्यांनी नळी तापते. नळीऐवजी २ मिलिमीटर जाडीची तार वापरल्यास हे प्रमाण दोन टक्क्यांच्याही खाली उतरते. नळी पोकळ असली तरी चालते, परंतु तिचा पृष्ठभाग मोठा हवा, याचे कारण हेच.

सांध्यांचे महत्त्वही याच हिशेबावरून कळते. धारित्राच्या सरकत्या स्पर्शात ३० मिलिओहम रोध वाढला, तर कार्यक्षमता १६ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर येते. म्हणून सांधे नुसते स्क्रूने आवळून भागत नाही. ते झाळलेले असावेत, आणि धारित्र शक्यतो सरकत्या स्पर्शाविना चालणारे असावे. व्यास दुप्पट केला तर प्रारण-रोध सोळापट होतो, पण नळीचा रोध केवळ दुप्पट. कार्यक्षमता त्यामुळे ६० टक्क्यांपर्यंत चढते. जागेचा प्रत्येक हात येथे मोलाचा ठरतो.

प्रक्षेपणात आणखी एक अडचण उद्भवते. उपर्युक्त वलयात केवळ १० वॅट शक्ती सोडली, तरी सुमारे १६ अँपिअर प्रवाह वाहतो व धारित्रावर जवळजवळ १,८०० व्होल्ट दाब उत्पन्न होतो. रेडिओ-संचातील साध्या धारित्राच्या पातळ फटींत अशा दाबाने ठिणगी पडते. पावसाळी दमट हवेत ती अधिकच संभवते. प्रक्षेपण चालू असता वलयास स्पर्श करणे धोक्याचे असून त्यापासून दूर राहणेच योग्य. पट्टारुंदी सुमारे ५ किलोहर्ट्झच असते, त्यामुळे कंप्रता किंचित बदलताच धारित्र पुन्हा जुळवावे लागते. शिवाय प्रक्षेपणास शासनाचा परवाना आवश्यक आहे.

ग्रहणाची स्थिती मात्र अगदी निराळी आहे. निवासी वस्तीत या कंप्रतेवर मानवनिर्मित विद्युत्-गोंगाट औष्णिक गोंगाटाहून सरासरीने सुमारे ४९ डेसिबेल, म्हणजे जवळजवळ ऐंशी हजार पट, अधिक असतो. दोन टक्के कार्यक्षमतेचे वलय संदेशास १७ ते १८ डेसिबेलांनी क्षीण करते, परंतु बाहेरून येणाऱ्या गोंगाटासही ते तितकेच क्षीण करते. त्यांचे परस्पर-प्रमाण बदलत नाही, आणि उरलेला गोंगाटही चांगल्या ग्राहकाच्या अंतर्गत गोंगाटाहून पुष्कळ वर राहतो. ऐकू येण्याच्या दृष्टीने ही हानी जवळजवळ शून्यच होय. म्हणून ग्रहणासाठी लाकडी चौकटीवरील साधी तार व जुन्या रेडिओ-संचातील धारित्र पुरेसे होते.

एवढेच नव्हे, तर वलयाचा एक विशेष गुण येथे उपयोगी पडतो. उभ्या वलयाच्या पातळीस लंब दिशेने येणाऱ्या तरंगांचे ग्रहण अत्यल्प होते. एलईडी दिवा, चार्जर किंवा उद्वाहकाची मोटर यांचा गोंगाट बहुधा एका निश्चित दिशेने येतो. वलय फिरवून तो बराच दडपता येतो. आयनांबरावरून परावर्तित होऊन येणारे दूरचे संदेश निरनिराळ्या कोनांतून व बदलत्या ध्रुवणाने येत असल्यामुळे ते तसे पूर्णतः लोपत नाहीत. अशा वेळी गॅलरीतील लहान वलय गच्चीवरील लांब तारेपेक्षा स्पष्ट ऐकविते.

सारांश, आकाशकाचा आकार व उपयुक्तता यांचा संबंध ग्रहणात व प्रक्षेपणात एकसारखा नाही. प्रक्षेपणात प्रत्येक मिलिओहमचे मूल्य चुकवावे लागते. ग्रहणात तेच मूल्य भोवतीचा गोंगाट आधीच वसूल करून बसलेला असतो. म्हणून जागा अपुरी असता दोन्ही कामांसाठी एकच आकाशक योजण्याचा आग्रह न धरता प्रथम ग्रहणाचे वलय उभारावे, त्यावर घरातील गोंगाटाच्या दिशा नोंदवाव्यात, आणि मगच प्रक्षेपणासाठी जाड नळीचा व उत्तम धारित्राचा खर्च करावा, हे सयुक्तिक होय.