बाजार घसरताना ‘एसआयपी’ थांबवण्याची किंमत
मुंबई : निर्देशांक उच्चांकापासून १० टक्के वा अधिक खाली आल्यास त्या घसरणीला ‘करेक्शन’ म्हणतात. सप्टेंबर २०२४ मध्ये २६,२७७ अंशांचा विक्रम नोंदवणारा निफ्टी त्यानंतर सलग पाच महिने घसरला आणि मार्च २०२५ च्या प्रारंभी सुमारे १६ टक्के खाली होता.

परदेशी गुंतवणूकदारांनी केवळ ऑक्टोबरमध्ये सुमारे ९४ हजार कोटी रुपयांच्या समभागांची निव्वळ विक्री केली. देशांतर्गत संस्थांनी त्याहून अधिक खरेदी केली. या खरेदीला म्युच्युअल फंडांच्या ‘एसआयपी’चे बळ होते. जानेवारी २०२५ मध्ये त्यातून २६,४०० कोटी रुपये आले. मात्र बंद झालेल्या वा मुदत संपलेल्या एसआयपींची संख्या नव्या नोंदणीपेक्षा अधिक होती.

पाच हजार रुपयांच्या हप्त्यात ५० रुपये दराने १०० युनिट मिळतात, तर ४० रुपये दराने १२५. घसरणीत हप्ता थांबवणारा नेमके हे स्वस्त युनिट गमावतो. जून २०२५ अखेर निफ्टी पुन्हा २५,५०० अंशांवर पोहोचला. अर्थात, प्रत्येक घसरण इतक्या लवकर भरून निघत नाही. म्हणूनच वर्ष-दोन वर्षांत लागणारा पैसा समभागांत गुंतवणे जोखमीचे ठरते.