विचारलं तरच कळतं

आपल्या बऱ्याच घरांत "पुढचं शिक्षण कुठे?" ही चर्चा चालू असते. अमेरिका, जर्मनीबरोबर आता नेदरलँड्सचंही नाव निघतं. मी बेळगावात बीई केलं आणि सध्या डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठात एका संशोधन गटासाठी सॉफ्टवेअर लिहितो. मी विद्यार्थी नाही आणि प्राध्यापकही नाही, पण बसतो दोघांच्या मधे. तिथून जे दिसतं ते सांगतो.

राजा दुसरा विल्यम याने १८४२ मध्ये सुरू केलेली ही संस्था. इथल्या ग्रंथालयाच्या उतरत्या छपरावर गवत आहे आणि उन्हं पडली की मुलं तिथेच पसरतात. मास्टर्सचं शिक्षण इंग्रजीत असल्याने वर्गात जगभरची मुलं दिसतात.

आपल्या मुलांना पहिलं नवल वाटतं ते प्राध्यापकांना नावाने हाक मारण्याचं. सर नाही, मॅडम नाही. मीटिंगमध्ये पीएचडीची मुलगी प्राध्यापकाला "हे मला पटत नाही" असं सरळ सांगते आणि कुणाच्या कपाळाला आठी पडत नाही. पीएचडी करणारे बहुतेक जण इथे विद्यापीठाचे नोकरदारच असतात. साधारण चार वर्षांचा करार, पगार, रजा, पेन्शन, सगळं असतं. दुपारी बाराच्या सुमारास सगळे एकत्र बसून पाव आणि चीज खातात. वाढदिवस ज्याचा, केक त्यानेच आणायचा.

ही बरोबरी आपोआप आलेली नाही. १९६९ मध्ये विद्यार्थ्यांनी ॲमस्टरडॅम विद्यापीठाची मुख्य इमारत ताब्यात घेतली होती. त्यानंतर १९७० च्या कायद्याने विद्यार्थी आणि कर्मचाऱ्यांना कारभारात वाटा मिळाला.

पण या बरोबरीची दुसरी बाजूही आहे. तुम्ही मोठे आहात असं धरलं, की तुमच्यामागे कुणी लागत नाही. आपल्याकडे चार दिवस वर्गात दिसला नाहीत तर सर विचारतात, कधी घरी फोनही जातो. इथे तसं होत नाही. वर्षाला ६० क्रेडिट आणि एका क्रेडिटला २८ तास धरले, तर वर्षाचे १६८० तास होतात. त्यातले बरेचसे तुमचे तुम्ही अभ्यासाला द्यायचे. वर्षाचे चार भाग पाडलेले असतात आणि प्रत्येक भाग साधारण दहा आठवड्यांचा. तिसऱ्या आठवड्यात न समजलेलं आठव्यात विचारायला गेलं, तर परीक्षा दारात उभी असते.

आपली मुलं हुशारीत कमी पडत नाहीत. ती गप्प बसण्यात अडकतात. "विचारलं तर मूर्ख समजतील" हे मनात घट्ट बसलेलं असतं. त्यात शिक्षणाचं कर्ज, आणि घरी रविवारच्या व्हिडिओ कॉलवर "सगळं छान चाललंय" म्हणायची सवय. मग अडचण कुणालाच कळत नाही, ना इथे, ना घरी.

म्हणून निघण्याआधी थोडं लक्षात ठेवा. प्रत्येक अभ्यासक्रमाला स्टडी ॲडव्हायझर असतो. अभ्यासाची किंवा घरची अडचण त्याच्याशी खाजगीत बोलता येते, त्याचे पैसे पडत नाहीत. गुण दहापैकी असतात आणि सहाला पास. आठ म्हणजे उत्तम, दहा तर क्वचितच कुणाला. तेव्हा आईबाबांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर सात ऐकून घरात शांतता पसरेल. खोल्यांची फार टंचाई आहे. प्रवेश निश्चित झाला की त्याच दिवसापासून शोधा, पण घर किंवा करार न बघता पैसे पाठवू नका. अर्धवेळ कामाच्या भरवशावर हिशेब मांडू नका. भारतीय विद्यार्थ्याला आठवड्याला १६ तासच काम करता येतं, किंवा त्याऐवजी जून ते ऑगस्ट पूर्णवेळ. त्यासाठीही मालकाला परवाना काढावा लागतो.

आणि घरच्या मंडळींना एक विनंती. फोनवर "किती मार्क पडले?" याच्याआधी "या आठवड्यात काय अडलं, आणि कुणाला विचारलंस?" असं विचारून बघा. अडलेलं सांगायची सवय घरात लागली, की परक्या देशात तोंड उघडणं तेवढं जड जात नाही.